निरोपाचा पेला

या, जरा जवळ सरका, एका पेल्याची गोष्ट सांगते.

भूगर्भशास्त्र शिकायला परदेशी गेलेली एक मुलगी ज्या घरी राहिली, त्याच घरच्या विहिरीचं पाणी तिला तपासायला मिळालं. त्यात खाणीचं विष उतरलं होतं. पण अहवाल छापून येईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, अशा करारावर तिने सही केली होती. निघताना घरच्या मावशीने पाण्याचा पेला पुढे केला.

“तहान नाही हो, मावशी.”

मावशी हसली. “तुझ्याआधी इथं शिकायला राहिलेल्या तिघींचीही शेवटच्या आठवड्यात अशीच तहान मेली होती, पोरी. बोलली मात्र एकही नाही.”



“मग तुम्ही का पिता?” मुलीने विचारलं.

“आम्हाला दुसरी विहीर कुठंय?” म्हणत मावशीने तोच पेला तोंडाला लावला.

देवाचं नाव घेऊन पाणी प्याल, तेव्हा या माउलीला आठवा.