अर्थिंगला पाणी

“यूपीएस बदला, न्हाई तर कॉम्प्युटरचं अख्खं मशीन बदला. जिमीन कोरडी हाय तवर हे जळतच राहणार,” वायरमन व्यंकटी म्हणाला आणि परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात खुपसलेली सळई त्याने वर काढली. सळईला माती चिकटली नव्हती. नुसती धूळ झडली.

शिरूर अनंतपाळच्या या दोन खोल्यांच्या घरात बसून चांगुणा लातूरच्या शिकवणी वर्गांसाठी कॉम्प्युटरवर प्रश्नपत्रिका टाईप करून द्यायची. नवरा गेल्यापासून तिचं आणि सासूचं, पारूबाईचं, पोट त्यावरच होतं. गेल्या दिवाळीपासून दोनदा मदरबोर्ड जळाला होता. आता खोळंबा झाला तर काम दुसरीकडे देऊ, असं क्लासवाल्यांनी गोड शब्दांत बजावलं होतं.

दुष्काळात सगळं आटलं, वाढलं फक्त व्होल्टेज. विहिरी कोरड्या म्हणून शिवारातल्या मोटारी बंद, आणि मोटारी बंद म्हणून तारेतला सगळा जोर घरांवर. लाईट गेली की चांगुणा निवांत असायची. ती यायची वेळ झाली की मात्र तिचा जीव टांगणीला लागायचा.

“खड्ड्यात मीठ हाय, कोळसा हाय, पण वल न्हाई,” व्यंकटी म्हणाला. “जास्तीचा करंट वल्या जिमिनीतच जिरतो. दोन घागरी पाजा, वहिनी. जयभीम, मावशी.” पारूबाईसमोर आपण पाण्याचं बोलून बसलो हे त्याला कळलं असावं. त्याने पिशवी उचलली आणि तो चालू लागला.

पारूबाई मागच्या दारातल्या पाण्याच्या ड्रमला पाठ लावून बसली होती. टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे ड्रमवर तिचा डोळ्यात तेल घालून पहारा असायचा. भांडी कोरड्या राखेने घासायची आणि अंग ओल्या फडक्याने पुसायचं, असा तिचा कायदा होता. सांडपाणी म्हणून या घरात काही उरतच नव्हतं.

“आत्या, ऐकलं न्हवं?”

“ऐकलं. माणसाला प्यायला न्हाई अन् खड्ड्याला पाजायचं म्हनतो. येडा झालाय.”

“माझ्या वाटणीचं देते. मी कमी पिते.”

“तुझ्या वाटणीचं न् माझ्या वाटणीचं वायलं हाय का गं? तू आजारी पडलीस तर मी काय त्या डबड्याला भाकर मागू?”

चांगुणा काही बोलणार तेवढ्यात आत पंखा घरघरला. लाईट आली होती. भिंतीवरचा बल्ब आधी पिवळा, मग पांढरा, मग बघवणार नाही इतका लख्ख झाला. चांगुणा धावत आत गेली आणि तिने कॉम्प्युटरचा प्लग हिसकून काढला. त्याच क्षणी बल्ब फुटला. काचा तिच्या पदरावर पडल्या.

मशीन वाचलं होतं, पण ती कितीदा अशी धावणार? तिला भीती वाटली आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. तिने मेन स्विच खाली ओढला, चुलीजवळची रिकामी घागर उचलली आणि ती ड्रमपाशी येऊन उभी राहिली.

“सरका, आत्या.”

पारूबाई हलली नाही.

“हे गेलं तर उद्यापासून मला कुणाच्या तरी दारात काम मागायला उभं राहावं लागंल. आज मी माझ्या घरात बसून कमावते. लोक माझ्या दारात येतात. हे मी सोडणार न्हाई.”

पारूबाईने सुनेकडे पाहिलं, तिच्या पदरावरच्या काचांकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकत ती उठली आणि बाजूला झाली.

चांगुणाने घागर भरली आणि खड्ड्याशी नेली. आत पाणी सोडायचा पाईप जमिनीलगत होता. तिने उभ्यानेच घागर कमरेवर तिरकी केली. धार पाईपच्या तोंडावर आपटली, थोडी आत गेली, थोडी बाजूला उडाली आणि बघता बघता मातीत नाहीशी झाली.

मागून येऊन पारूबाईने तिचं मनगट धरलं. आता घागर हिसकणार, असं चांगुणाला वाटलं आणि तिने बोटं घट्ट आवळली. पण म्हातारीने मनगट खाली दाबलं. स्वतः खड्ड्याशी उकिडवी बसली आणि घागरीचा काठ पाईपला टेकेपर्यंत सुनेला वाकायला लावलं. पाणी आवाज न करता आत जाऊ लागलं.

“सांडायला लागलं म्हणून?” चांगुणाने विचारलं.

“त्ये तर हायेच.” पारूबाई पाईपच्या तोंडाकडेच बघत होती. “मी लहान व्हते तवा हिरीवर लोक आमच्या वंजळीत असंच उभ्यानं, वरून वतायचे. आपुन तसं कुनाला पाजायचं न्हाई.”