थोडं थांब हं

“खरं सांग, गोळी चोरून घेतेस ना?” डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट टेबलावर आपटला.

“गणपतीशपथ, महिनाभर गोळीला शिवलेसुद्धा नाही!” हेमांगी म्हणाली.

गौरी-गणपतीत बायका पाळी पुढे ढकलतात, तसं तिनं बाळंतपणच पुढे ढकललं होतं. आधी प्रमोशनसाठी, मग नव्या फ्लॅटसाठी, मग सासूबाईंच्या मुहूर्तासाठी. सहा वर्षं तिचा नववा महिनाच चालला होता. रोज गोळी गिळली की ती पोटावर दोन थापा देई, “थोडं थांब हं, सोन्या.”

“मग कळा थोपवणारं हे हार्मोन येतंय कुठून?” बाई पुटपुटल्या. “बाळच बनवायला शिकलं की काय!”

पोट धरून हेमांगी विनवू लागली, “आता ये ना रे बाहेर.”

आतून दोन थापा आल्या, अगदी मायेनं.