सिंगल बेड

दारात आलेलं भलंमोठं खोकं पाहून वंदनानं विचारलं, "काय मागवलंयस?"

"सिंगल बेड," शिरीष तिच्याकडे न बघता म्हणाला. महिनाभर नवराबायकोत धड बोलणं नव्हतं. यापुढे बाहेरच्या खोलीत वेगळं झोपायचं, असं ठरवूनच त्यानं ऑनलाइन ऑर्डर दिली होती. तसं सांगायला त्यानं तोंड उघडलं, तोच ती खोक्याशेजारी मटकन बसली.

"आईसाठी ना?" तिनं विचारलं. "कंबर दुखावल्यापासून ती मामाकडे जमिनीवर झोपतेय. तिला इकडे आणू या का, असं तुला विचारायचा धीरच होत नव्हता मला."

शिरीषचे कान तापले. सासूबाई पडल्याचं त्याला माहीत होतं. त्या कुठं झोपतात, हे त्यानं कधी विचारलंही नव्हतं. खरं सांगून टाकावं असं वाटलं, पण तिचे भरलेले डोळे पाहून जीभ रेटेना.

"त्यांना आणायला मीच जातो," तो कसाबसा म्हणाला.

"आधी चहा घे," म्हणत वंदनानं कितीतरी दिवसांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताखाली तो अंग चोरून तसाच उभा राहिला.