दोन पाट्या

दारावरच्या दोन पाट्यांमध्ये बरोबर तीन सेंटीमीटर अंतर होतं. प्रयोगशाळेतली मोजपट्टी घरी आणून तिनेच ते मोजलं होतं. नवऱ्याचा पगार धरला की तिच्या आरोग्य विम्याला सरकारी अनुदान मिळत नव्हतं, आणि अनुदानाशिवाय हप्ता झेपत नव्हता. म्हणून सहा वर्षांपूर्वी दोघांनी कागदोपत्री घटस्फोट घेतला. घर तेच, संसार तोच. तपासणीला येणाऱ्यांसाठी दारावर तेवढी दुसरी पाटी आली.

विमा मिळाला. तिचं ऑपरेशन झालं, नंतरची सगळी इंजेक्शनंही झाली. नवरा एकदाही हॉस्पिटलात आला नाही. "कोणी पाहिलं तर अनुदान जाईल गं," तो दर वेळी म्हणायचा. फॉर्मवर 'सोबत कोण' या रकान्यात ती 'कोणी नाही' असं लिहायची. सुरुवातीला ते लिहिताना तिला खोटं बोलल्यासारखं वाटायचं.

आज सरकारने उत्पन्नाची अट काढून टाकली. ऑफिसातून आल्या आल्या नवऱ्याने स्क्रू ड्रायव्हर शोधला.

"सुटलो एकदाचे! उद्याच पुन्हा लग्न उरकून टाकू. साक्षीदार म्हणून त्या तपासनिसालाच बोलावतो बघ!"

हसत हसत त्याने तिच्या पाटीचा पहिला स्क्रू सैल केला. ती हात पुसत दाराशी आली.



"ती राहू दे," ती म्हणाली. "तुझी काढ."