शेंदराची पुडी

रायपूरहून निघाल्यापासून आमचे हे वाटेतल्या प्रत्येक गावाला अडाणी ठरवत आले. उन्हाळी सहल कॉलनीची, पण तोंड ह्यांचं एकट्याचं चालू. शिवनाथ नदीतल्या बेटावर जुन्या मूर्तीला शेंदूर लावणाऱ्या म्हातारीवर तर खेकसलेच, “हेरिटेज है ये! खराब मत करो!” बिचारीने शेंदराची पुडी घाबरून माझ्याच हातात कोंबली. परतीच्या नावेत डब्याची रिकामी पिशवी जड लागली. उघडली, तर पोळ्यांच्या फडक्यात गुंडाळलेलं बेटावरच्याच मूर्तीचं डोकं! “शोकेसमध्ये ठेवू,” हे कुजबुजले. “त्यायले काय समजते याची किंमत!” मी पुडी सोडून त्याला शेंदूर फासला आणि सगळ्यांसमोर वर धरलं. “शेंदूर लागला, आता देव झाला हा. देवाले चोरून नेता का?” नावाड्याने वल्हं सोडून हात जोडले आणि न विचारताच नाव मागे वळवली. ह्यांनीही हात जोडले, पण माझ्यापुढे.