गॅस जातो कुठे

“पाइप ठणठणीत, कॉम्प्रेसर ठणठणीत,” बॉनेटमधून डोकं बाहेर काढत एसीवाला म्हणाला, “आणि गॅस मात्र औषधालाही नाही.”

पोस्टमास्तरांनी या वेळी गाडी मुद्दाम फक्त एसीचं काम करणाऱ्याकडे आणली होती. या उन्हाळ्यात गॅस संपण्याची ही तिसरी खेप होती. गाडीला बावीस वर्षं झाली होती, त्यांना निवृत्त होऊन बारा, आणि दोघंही वयाच्या मानानं उत्तम चालतात असं त्यांचं ठाम मत होतं. मागच्या महिन्यात फाटकाचा खांब घासला, पण तो खांबच मुळात चुकीच्या जागी बांधलेला होता.

एसीवाल्यानं त्यांना जवळ बोलावून एक बारीकसा व्हॉल्व दाखवला, सायकलच्या ट्यूबला असतो तसा. टोपण काढायचं, आत काडी दाबून धरायची, की थोड्या वेळात सगळा गॅस बाहेर. टोपणावर पकडीचे ताजे ओरखडे होते.

“ही गळती नाही, काका. कुणीतरी हातानं सोडतंय.”

कुणीतरी म्हणजे कोण, हे पोस्टमास्तरांना विचारावं लागलं नाही. बावीस वर्षांत या गाडीला एकाच मेकॅनिकचा हात लागला होता. त्याला सगळे वैद्य म्हणत, कारण तो इंजिनाला कान लावून रोग सांगायचा. एकदा त्याचा हात पट्ट्यात सापडला, तेव्हा महिनाभर त्याचा डबा पोस्टमास्तरांच्या घरून गेला होता. या उन्हाळ्यात दोनदा त्यानंच गॅस भरला होता, आणि दोन्ही वेळा वर म्हणाला होता, साहेब, गाडी विकून टाका आता. तो असं का म्हणत होता, याचा उलगडा पोस्टमास्तरांना आज झाला. गाडी त्याला स्वतःलाच हवी होती.

एसी ही त्यांची चैन नव्हती. बायकोला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे, भर दुपारी, शहराच्या दुसऱ्या टोकाला. ऊन अजिबात लागता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एसी बंद पडला की इस्पितळाची एसी व्हॅन येऊन तिला घेऊन जाई आणि पोस्टमास्तर फाटकात उभे राहून हात हलवत. तिच्या दुखण्यात त्यांना करता येण्यासारखं तिला नेणं-आणणं हे एकच काम होतं, बाकीचं सगळं यंत्रं आणि नर्स करत. मी असताना तुला परक्या गाडीत बसावं लागणार नाही, असा शब्द त्यांनी पहिल्याच दिवशी दिला होता. आणि गाडीत तीही सारा रस्ता बोलत असे. समोरून स्कूटर येतेय, सिग्नल लागला, शाळेची मुलं चाललीत, जरा हळू. घरात चार शब्दांना महाग असलेली बायको गाडीत बसली की कशी खुलते, हे ते भेटेल त्याला कौतुकानं सांगत.

एसीवाल्याकडून ते तडक वैद्याच्या गॅरेजात गेले. तिथं चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत पोस्टमास्तरांनी तोंड सोडलं. घरचा म्हणून मानलं आणि तूच केसानं गळा कापलास, आजारी बाईचीसुद्धा दया आली नाही तुला, असं बरंच काही ते बोलले. वैद्य फडक्याला हात पुसत ऐकत राहिला.

“तो व्हॉल्व मी उघडला नाही, साहेब.”

“मग कुणी उघडला?”

वैद्यानं मान खाली घातली. “ते मला विचारू नका. गाडी तेवढी विकून टाका.”

पोस्टमास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजपासून तुझी माझी ओळख नाही, असं सांगून ते निघाले.

घरी त्यांनी हे सगळं सांगितलं तेव्हा बायको भाजी चिरत होती. तिचा हात थांबला.

“त्यांना कशाला बोललात?”

“मग काय हार घालू?”

त्या दिवशी ती धड जेवली नाही. पोस्टमास्तरांनी तेही वैद्याच्याच खात्यावर टाकलं.

एसीवाल्यानं पुन्हा गॅस भरला, पण या वेळी त्यात एक रंग मिसळला. साध्या उजेडात तो नजरेत येत नाही, निळ्या दिव्याखाली मात्र हिरवागार पेटतो. गॅस जिथून जाईल तिथं डाग पडतो, सोडणाऱ्याच्या हातावरही, आणि तो साबणानं सहज निघत नाही. पोस्टमास्तरांनी हे कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही, तिला आणखी घोर कशाला?

गाडीनं दोन फेऱ्या छान गारव्यात केल्या. तिसऱ्या फेरीच्या दिवशी सकाळी एसी लावून बघितला, तर पुन्हा गरम वारा. बायको म्हणाली, मी व्हॅनला फोन करते. पोस्टमास्तरांनी एसीवाल्याला फोन केला.

तो दुपारी आला, त्यानं घराला लागून असलेल्या गाडीच्या शेडचं शटर खाली ओढून अंधार केला आणि निळा दिवा लावला. पाइप सगळे काळेच राहिले. व्हॉल्व हिरवा पेटला आणि बॉनेटच्या काठावर चार बोटं उमटलेली दिसली.

“द्या तो दिवा इकडे,” पोस्टमास्तर म्हणाले. “आता गॅरेजात जाऊन त्याच्या हातावरच धरतो.”

तेवढ्यात घरातलं दार उघडून बायको एसीवाल्यासाठी पाणी घेऊन आली. तिला पायरी दिसावी म्हणून पोस्टमास्तरांनी दिवा तिकडे वळवला. पेल्याभोवतीची बोटं हिरवी होती.

एसीवाल्यानं शटर वर केलं आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

तिनं हात लपवला नाही. “वैद्यांनी मला पहिल्या खेपेलाच ओळखलं होतं,” ती म्हणाली. “मीच त्यांच्या पाया पडले, यांना सांगू नका म्हणून.”

वैद्यानं गळा कापला असं वाटलं होतं तेव्हा पोस्टमास्तरांना निदान राग तरी आला होता. आता तोही येईना.

“पण का?” एवढंच ते कसंबसं म्हणाले.

फाटकाशी व्हॅन येऊन थांबली. तिनं पेला पायरीवर ठेवला, पिशवी उचलली.

“व्हॅनमध्ये मला डोळे मिटता येतात हो.”