पाठमोरी मुलगी

पानगळीच्या वाचन सप्ताहात ग्रंथपाल बाई दर वर्षी पहिलीच्या मुलांना तेच चित्रांचं पुस्तक वाचून दाखवत. पुस्तक मुलांकडे उघडं धरायचं आणि गोष्ट तोंडपाठ सांगायची, ही त्यांची जुनी पद्धत. धाकटी बहीण गेल्यापासून चहाने जीभ भाजली तरी त्यांना कळत नसे, पण गोष्ट मात्र बिनचूक यायची.

"झाडाखाली एक मुलगी पाठमोरी उभी होती..."

"पाठमोरी कुठंय?" पुढे बसलेली एक चिमुरडी म्हणाली. "आमच्याकडेच बघतेय की!"

पोरांचं काय, काहीच्या काही बोलतात. बाईंनी वाकूनसुद्धा पाहिलं नाही. पान उलटलं.

मुलगी वाळक्या पाचोळ्यात धपकन पडली. एरवी इथे हमखास खसखस पिकायची. आज सगळे चिडीचूप.

शेवटच्या पानावर तर पुस्तकाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे बाईंच्या खांद्याकडे बघत होते.

"बाई," चिमुरडी हळूच म्हणाली, "चित्रात आता नुसतं झाडच आहे. तिचा हात तुमच्या मानेवर आहे ना, गार नाही लागत?"

बाईंनी खरंच मानेकडे नीट लक्ष देऊन पाहिलं.

काहीच लागत नव्हतं.